वहिनीच्या मुठीतला प्लग

माझी वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. उंचीला एवढीशी, पण आवाज असा की तिने गच्चीवरून हाक मारली की खालचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर यायचा. शाळेचं तोंड माझ्यासारखंच तिनेही फारसं पाहिलं नाही. पण जिथल्या मीटरखाली ती उभी राहिली नाही असं घर आमच्या भागात सापडायचं नाही. दादा वायरमन, आणि वहिनी फ्यूज धरणारी. हसतोस काय, मी सांगते तसं लिही.

ती लग्न होऊन आली त्याच वर्षातली गोष्ट. दादा एका घरी पंख्याची वायर बदलत होता. मेन बंद केलेला, फ्यूज काढून खिडकीत ठेवलेला. घरमालकाला लागलं उकडायला. तो बघतो तर फ्यूज खिडकीत. म्हणाला, अरे, हा इथे पडलाय म्हणून लाइट नाही होय! उचलला, बसवला, वर खटकाही ओढला. दादा स्टुलावर उभा होता, तो स्टुलासकट खाली आला. आणि मालक वर विचारतो कसा, "पडलात का हो?" नाही, झोपायला आलो होतो!

घरी आल्यावर वहिनीने त्याचा काळवंडलेला अंगठा बघितला. दुसऱ्या दिवशी दादा हत्यारांची पिशवी घेऊन निघाला, तर ही चपला घालून दारात उभी.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. फ्यूज मी धरणार. माझ्या मुठीतून कोण काढून घेतो तेच बघते."

तेव्हापासून ते दोघं तसंच काम करायचे. वहिनी मीटरपाशी जायची, मेन पाडायची, चिनीमातीचा तो पांढरा फ्यूज उपटून मुठीत धरायची आणि ओरडायची, "काढला! माझ्या हातात आहे!" मग आतून दादा विचारायचा, "लावू का हात?" ती म्हणायची, "लावा!" मगच दादाचा हात तारेला लागायचा. तिने उत्तर दिलं नाही, तर दादा तिथेच थांबायचा. शिडीवर असला तर शिडीवरच. एकदा ती कुणाशी तरी बोलण्यात रंगली आणि हा बिचारा तेवढा वेळ हात वर करून उभा, पुतळ्यासारखा. दुसरे वायरमन टोमणे मारायचे, "बायकोला विचारल्याशिवाय तारेलासुद्धा हात लावत नाही!" दादा म्हणायचा, "तुम्हीही विचारत जा. जास्त जगाल."

मीटरखाली उभी राहून राहून वहिनीला प्रत्येक घरातलं सगळं माहीत. कुणाची सून रुसली, कुणाचं लग्न मोडलं. लोक येऊन तिला सांगायचे, कारण ती जाणार कुठे? मूठ झाकलेली, पाय खिळलेले, कान मोकळे. पोरं तिला फ्यूजमावशी म्हणायची. पण तिच्या मुठीवर दादाचा जीव असायचा, हे ती कधी विसरली नाही. नाकावर माशी बसली तरी दुसऱ्या हाताने हाकलायची.

पुढे वय झालं. वहिनीला झोपेत श्वास अडकायचं दुखणं लागलं. घोरता घोरता मध्येच गप्प व्हायची, आणि ते गप्प होणं ऐकून दादा उठून बसायचा. डॉक्टरांनी श्वासाचं मशीन दिलं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळी मशीनला, आणि मशीन भिंतीतल्या सॉकेटला. डॉक्टर म्हणाले, "याच्याशिवाय झोपायचं नाही. दुपारची डुलकीसुद्धा नाही." झालं, वहिनी भिंतीला बांधली गेली.

आणि तिची लेक लांब, पवनचक्क्यांवर कामाला. वाट अशी की मुक्काम केल्याशिवाय पोचता येत नाही, आणि मुक्कामाला ना घर ना हॉटेल, नुसता रस्ता आणि वारा. लेकीचा मुलगा चालायला लागला तरी आजीने त्याला फोनमध्येच पाहिलेला. फोन बंद झाला की वहिनी काचेवरून बोट फिरवायची. एकदा मला म्हणाली, "वन्सं, त्या पोराला वाटत असेल, आजी म्हणजे पाटीएवढी असते." हसत म्हणाली.

दादाने ते ऐकलं असणार. कारण थोड्याच दिवसांत त्याने एक गाडी आणून दारात उभी केली. पावाच्या कारखान्याची जुनी डिलिव्हरी गाडी. आतल्या फळ्या काढून त्याने तिची घरगाडी करायला घेतली. एका बाजूला पलंग, एका बाजूला ओटा, वर एक छोटी खिडकी. ऊन तापलं की आत अजून पावाचा वास सुटायचा. वहिनी म्हणाली, "चला, निदान उपाशी आहोत असं तरी वाटणार नाही."

आता लाइटचं सांगते, नीट लिही, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातंय. गाड्या मुक्कामाला थांबतात अशा तळावर गाडी उभी असली की तिथल्या खांबावरून लाइट घ्यायची. त्यासाठी एक लांब केबल. तिचं एक टोक गाडीत कायमचं जोडलेलं, दुसऱ्या टोकाला मोठा प्लग, तो खांबाच्या सॉकेटात खुपसायचा. पण रानात खांब कुठून आणणार? तिथे बॅटरी. बॅटरीचा करंट बारका, गाडीच्या दिव्यापुरता. त्यावर मशीन चालत नाही. म्हणून इन्व्हर्टर. तो बॅटरीचा करंट घेतो आणि घरातल्यासारखा करून देतो.

दादाने त्यात काही कसर ठेवली नाही. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत अंगठ्याएवढी जाड केबल, तीही आखूड, कारण लांब नेली की वाटेतच करंट दमतो म्हणे. बॅटरीच्या तोंडाशीच मोठा फ्यूज. हे सगळं ठेवलं त्या पलंगाखालच्या पेटीला हवेसाठी भोकं पाडली. शेवटची तार बॅटरीला टेकवली तेव्हा फट्ट करून ठिणगी उडाली आणि मी अशी दचकले की डोकं वरच्या कपाटाला आपटलं. दादा हसत सुटला. "घाबरू नकोस गं, इन्व्हर्टर पहिला घोट घेतोय."

आणि इन्व्हर्टरमधून निघालेल्या तारा त्याने गाडीतल्या त्याच सॉकेटांना नेऊन जोडल्या, जिथे खांबाची केबल येत होती. मला समजावून सांगितलं, "घराला दोन दारं आहेत असं समज. या नाहीतर त्या दाराने यायचं. दोन्हीकडून एकदम करंट शिरला तर इन्व्हर्टर जळेल. म्हणून आधी खांबावरचा प्लग काढायचा, मगच याचं बटण दाबायचं."

"आणि प्लग काढलाय की नाही, हे कुणी बघायचं?" मी विचारलं.

वहिनी बाहेरूनच म्हणाली, "मी काय मेले का?"

कसं बोलून गेली बघ.

त्या दिवशी गाडी आम्ही गावाबाहेरच्या तळावर नेली होती. सकाळची वेळ, गवत अजून ओलं. तिथला रखवालदार झाडाखाली खुर्ची टाकून बसलेला. मी आत पलंगावर मांडी घालून बसले होते, मांडीवर वहिनीचं मशीन. दादा गुडघ्यावर बसून इन्व्हर्टरसमोर. वहिनी गेली खांबाकडे. तिने प्लग उपटला आणि सवयीने, इतक्या वर्षांच्या सवयीने, तो मुठीत घट्ट धरला. पितळी दांडे तळहातावर, बोटं वरून मिटलेली. मला दारातून दिसत होतं. तिने मूठ उंच करून दाखवली.

"काढला! माझ्या हातात आहे!"

"लावू का?"

"लावा!"

दादाने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. माझ्या मांडीवर मशीन फुसफुसायला लागलं. मी टाळ्या वाजवल्या! दादाचा चेहरा असा फुलला, शाळेत पहिला आलेल्या पोरासारखा. तो ओरडला, "चाललं गं! ऐकलंस का? चाललं!"

बाहेरून काही नाही.

"अगं, ऐकलंस का?"

वहिनी आणि उत्तर देणार नाही? जिने आयुष्यात कुणाचं बोलणं खाली पडू दिलं नाही? मला वाटलं, रखवालदाराशी बोलत असेल. पण दादाचा चेहरा बघितला. रंगच उडाला त्याचा. तो उठला नाही, डोकावला नाही, आधी थाडकन बटणावर हात मारला आणि इन्व्हर्टर बंद केला. का केला, ते त्याला तेव्हा कळलंही नसेल. उत्तर आलं नाही की थांबायचं, एवढंच त्याच्या हाडात मुरलेलं.

बटण बंद झालं आणि बाहेर वहिनी गवतात कोसळली. म्हणजे तोवर ती उभी होती! प्लग मुठीत, मूठ उघडत नाही, तोंड उघडं आणि आवाज नाही. रखवालदार नंतर म्हणाला, "मला वाटलं बाई आळस देतायत." काय बोलायचं या माणसाला!

दादा धावला. मी मशीन पलंगावर टाकलं आणि उतरले, पायात चप्पल नाही, काही नाही. वहिनीचे डोळे उघडे होते पण बघत नव्हते. तळहातावर दोन पांढरे डाग, कडेने काळे, आणि जळल्याचा वास. इतक्या चुली पेटवल्या मी, हाताला चटके खाल्ले, पण तो वास वेगळा. अजून जेवताना कधी आठवला तर घास फिरतो. दादा नुसता म्हणत होता, "काढलेला होता. काढलेला होता गं." रखवालदाराने त्याची गाडी काढली, नशीब तेवढं तरी सुचलं त्याला.

दवाखान्यात वहिनीने पहिला शब्द काढला तो असा, "चाललं का मशीन?" मी तोंडात पदर कोंबला. डॉक्टर म्हणाले, करंट तळहातातल्या तळहातात फिरला, एका दांड्यातून शिरला आणि दुसऱ्यातून निघाला. छातीपर्यंत गेला असता, तर बोलायला राहिल्या नसत्या. छातीची तपासणी केली, हाताला मोठं बँडेज बांधलं आणि देखरेखीखाली ठेवून घेतलं.

आता दादाचं. त्याची खात्रीच पटलेली की दोष खांबाचा. खांबात करंट उतरत असणार, जमीन ओली, म्हणून झटका बसला. असा संतापला, म्हणे, "त्या तळवाल्यांना सोडत नाही." दुसऱ्या दिवशी उन्हात टेस्ट लॅम्प घेऊन गेला. म्हणजे होल्डरमध्ये साधा बल्ब आणि त्याला दोन तारा. मला साक्षीला नेलं. रखवालदाराला समोर उभं केलं.

खांबाच्या अंगाला तार लावली, बल्ब लागला नाही. चारी बाजूंनी लावली, नाही. सॉकेटात लावली, तिथे लागायचा तसा लागला. खांब स्वच्छ! दादा कपाळ पुसत उभा राहिला.

रखवालदार डोकं खाजवत म्हणाला, "आणि साहेब, हा प्लग?"

"कुठला प्लग?"

"बाईंच्या हातात होता तो."

दादा चिडला. "अहो, तो काढलेला आहे! काढलेल्या प्लगात काय असणार? तुमचा सदरा काढून दोरीवर टाकला तर त्याला घाम येतो का?"

"नाही येत," रखवालदार म्हणाला, "पण इतकं बघितलं, तर तेही बघा की."

दादाने रागारागानेच बल्बाच्या दोन तारा प्लगाच्या दोन दांड्यांना बांधल्या. प्लग स्टुलावर ठेवला. खांब तिकडे, प्लग इकडे, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मग गाडीत शिरला आणि इन्व्हर्टरचं बटण दाबलं.

बल्ब लागला.

भर उन्हात, उघड्या स्टुलावर, काढलेल्या प्लगावर बल्ब जळतोय! मी दोन पावलं मागे सरले. रखवालदाराने तोंडावर हात ठेवला. दादा दारात आला, बघितलं, परत आत गेला, बटण बंद केलं. बल्ब विझला. परत चालू केलं. लागला. मग तो गाडीच्या पायरीवरच बसला. मला वाटलं, आता हाही पडतो.

तिथूनच बोलला. "घरात करंट खांबावरून आत येतो. आयुष्यभर मी आत येणारा करंट बघितला. तो आतून बाहेर जाईल, हे मला सुचलंच नाही. दारं दोन केली, पण दुसरं दार बंद कुणी करायचं? मी त्या केबलमधून करंट बाहेर सोडला. तिच्या मुठीत सोडला." आणि मग हुंदका. "तिने लावा म्हटलं, आणि मी लावला."

सांत्वन तरी काय करणार? ज्या रीतीने तिने त्याला इतकी वर्षं जपलं, त्याच रीतीने त्याने तिला जवळजवळ मारलं होतं.

वहिनीला सांगायला तो एकटा जाईना, मला घेऊन गेला. पलंगाशी उभा राहून सगळं सांगितलं, खाली मान घालून. वहिनी ऐकत राहिली. बँडेजचा हात उशीवर. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर शिव्या घालेल. तिने विचारलं, "घरात असं कधी झालं असतं?"

"घरात नाही. घरात तशी मोकळी केबल नसते."

"मग गाडी म्हणजे घर नाही, हे तुम्हाला आत्ता कळलं. मला तो वीतभर ओटा बघूनच कळलं होतं."

दादा हसला नाही. म्हणाला, "गाडी विकून टाकतो. पुन्हा तारेला हात लावणार नाही."

तेव्हा मात्र वहिनी उठून बसली. "वा! म्हणजे हात माझा भाजला आणि सुट्टी तुम्हाला? नातू मोठा होऊन दाढी करायला लागेल आणि मी इथे भिंतीला नळी लावून पडू? दुरुस्त करा ते. दोन दारं केलीत ना? मग मध्ये एकच कडी करा. एक उघडलं की दुसरं लागलंच पाहिजे, अशी."

"तसा स्वीच असतो," दादा हळूच म्हणाला. "चेंजओव्हर. मला वाटलं होतं, एवढ्याशा गाडीला कशाला."

वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की मीच खिडकीबाहेर बघायला लागले.

दादाने चेंजओव्हर बसवला. त्याला एक दांडा असतो. वर केला की खांबाचा करंट, खाली केला की इन्व्हर्टरचा, मध्ये ठेवला की कुणाचाच नाही. दोन्ही तारा एकदम तोडतो आणि एकदम जोडतो. हे बसवताना दादा एकेक स्क्रू आवळायचा आणि परत सोडून बघायचा.

मग आम्ही परत तळावर गेलो. वहिनी सोबत, हात गळ्यात बांधलेला. तिला त्या खांबाकडे बघवत नव्हतं, मला दिसत होतं. ती गाडीत चढली आणि म्हणाली, "आज बटण मी दाबणार." दादाने दांडा खाली केला, तिला बटण दाखवलं आणि तो उतरून बाहेर गेला. त्याने प्लग उपटला. आणि मी बघतेय, तर त्याने तो मुठीत धरला! दांडे तळहातावर, तसेच.

"दादा!" मी किंचाळलेच. "अरे, वेड लागलं का तुला?"

"काही होणार नाही," तो म्हणाला. चेहरा दगडासारखा. "झालं तर मला होऊ दे. अगं, दाब."

रखवालदार खुर्चीतून उठला. गाडीत वहिनी बटणापाशी उभी, बोट पुढे केलेलं. क्षणभर मला वाटलं, दाबते ही. मग तिने बोट मागे घेतलं, एका हाताने दार धरत पायऱ्या उतरली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मूठ उघडा."

"अगं, आता तो दांडा..."

"मला समजलाय दांडा. मूठ उघडा आधी. एकाला झालं ते कमी पडलं का? तुमच्या जिवावर मी बटण दाबायचं? बल्ब कशाला आणलाय, ओवाळायला?"

दादाची बोटं उघडेनात. करंट नव्हता काही, पण उघडेनात. वहिनीने आपल्या चांगल्या हाताने एकेक बोट सोडवलं आणि प्लग काढून स्टुलावर ठेवला. दादा लहान पोरासारखा रडला, तिथे, सगळ्यांसमोर.

मग बल्ब बांधला. रखवालदार म्हणाला, "बल्बच गेलेला नसेल ना?" तर तोही आधी खांबावर लावून बघितला, लागला. परत प्लगाला बांधला. वहिनी आत गेली आणि तिथून तिचा आवाज आला, तोच, गच्चीवरचा.

"दाबू का?"

दादाला उत्तर देता येईना. नजर बल्बावरच. रखवालदारच म्हणाला, "दाबा, बाई!"

"तुम्हाला नाही विचारलं! ह्यांना विचारलं!"

दादा म्हणाला, "दाब." एवढंसं, पण म्हणाला.

आत मशीन फुसफुसायला लागलं. स्टुलावरचा बल्ब विझलेला तो विझलेलाच. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे, आता लागेल, मग लागेल. वहिनीने खिडकीतून डोकं काढलं. "काय बघताय? नाही लागला ना? मग आवरा."

हात सुकल्यावर दोघं निघाले. मी घरी फोन मांडीवर घेऊन बसलेली, म्हटलं रस्त्यात काय होतंय देव जाणे. टळटळीत दुपारी फोन वाजला. दादाचा. मी कानाला लावला, तर तिकडून बोलणंच नाही. नुसता वारा, आणि मागे कसलीशी फुसफुस.

"दादा? अरे बोल ना! काय झालं? वहिनी कुठेय?"

"हळू ओरड," तो कुजबुजला. "झोपलीय."